बांगडा-पावाचा हिवाळा

नोव्हेंबर सरत आला की अर्नाळ्याचा दुपारचा वारा सुक्या बोंबलांचा वास घेऊन आमच्या गावात शिरतो. बोळिंजच्या नव्या इमारतींत राहायला आलेली माणसं खिडक्या लावून घेतात. आम्ही वाडीतली माणसं लावत नाही. आमच्यासाठी हा थंडीचा निरोप असतो. गोधड्या उन्हात टाकायच्या, नाताळच्या गोठ्यासाठी पेंढा बघून ठेवायचा, वालाच्या शेंगा आल्या का म्हणून बाजारात विचारायचं. पूर्वी मला हा वास आवडायचा. आता तो आला की मी घरातलं काहीतरी काम काढते आणि भाऊ वाडीच्या टोकाला, केळींच्या मागे निघून जातो.

यंदा वाऱ्याच्या आधी फलक आला. मैदानात खाण्याचा मेळा भरणार आहे, देशोदेशीच्या रस्त्यांवरचे पदार्थ मिळणार आहेत. फलकावर पांढरा एप्रन घालून, हाताची घडी घालून आमच्याच गावातला नेल्सन उभा. मी रोज शाळेत जाते त्या वळणावरच तो लावलाय, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ त्याचं तोंड बघणं आलं. वर्गात मुलांना निबंधाला ‘माझा आवडता ऋतू’ हा विषय द्यायची माझी जुनी सवय. गेली काही वर्षं तो विषय मी देत नाही.

माझा धाकटा भाऊ पास्कल, घरचा पास्कू, मोठ्या प्रवासी जहाजावर आचारी होता. साथीच्या वर्षी जहाजं बंदरांत बांधून ठेवली गेली, तेव्हा तो परत आला. जाताना दंड भरलेला मुलगा येताना सदऱ्यात हरवल्यासारखा दिसत होता. जहाजावरच ताप येऊन गेला होता. आयने त्याच्या अंगावरून हात फिरवला, लोणचं काढलं, भाताची पेज केली. तो जेवला, ‘बरं झालंय’ म्हणाला आणि दोन दिवस झोपून राहिला. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो. ती जशीच्या तशी लिहिली तर तुम्हाला अर्धीच कळेल, म्हणून इथे सरळ करून लिहितेय.

वास गेल्याचं त्याने सांगितलं नाही, मला ते कळलं. एके दिवशी शाळेचं ऑनलाइन काम आटोपून मी मागच्या खोलीत गेले तर नाकाला पदर लावावा लागला. बाजारातून आणलेली मांदेलीची पिशवी कोपऱ्यात तशीच राहिली होती आणि सडली होती. तिच्यापासून हातभर अंतरावर पास्कू लसूण सोलत बसला होता, शांत.

“तुला काही येत नाही का रे?” मी विचारलं.

“काय यायला पाहिजे?”

मी पिशवीकडे बोट दाखवलं. त्याने पिशवीकडे पाहिलं, मग माझ्या नाकावरच्या पदराकडे. त्याचा चेहरा जो उतरला तो मला अजून दिसतो. चोरी सापडलेल्या माणसासारखा.

“तापापासून,” तो म्हणाला. “डॉक्टर म्हणाले येईल परत. मीठ कळतं, आंबट कळतं, तिखट कळतं. पण डोळे मिटून बांगडा दिलास काय आणि बटाटा दिलास काय, मला सारखंच.”

आयला सांगू नको, एवढंच त्याने वर मागितलं. पण आयांना काय सांगावं लागतं. ती दुसऱ्या दिवसापासून त्याचं ताट वाढताना कशात काय घातलंय ते बोलून दाखवू लागली. “कोथिंबीर घातलीय हं. खोबरं जरा भाजून घेतलंय.” तो मान डोलवायचा.

थंडी पडली आणि घरात बसून तो किडायला लागला. एका सकाळी अर्नाळ्याची कोळीण बांगडे घेऊन आली. “बघ वास घेऊन, पहाटेचं हाय, पानी बी सुकलं नाय,” ती म्हणाली. त्याने बांगडा हातात घेतला, नाकाशी नेला आणि परत टोपलीत ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “बाय, तू बघ.” मी वास घेतला. समुद्राचा होता, दुसरं काही नाही. “घे,” मी म्हणाले. त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून पहिल्यांदा काही रांधलं.

बांगड्याच्या मधला काटा त्याने एका हाताने ओढून काढला. मीठ, थोडं तेल, निखाऱ्यावर जाळी. बेकरीतला लांब पाव मधोमध कापून निखाऱ्यावरच उलटा ठेवला. त्यात भाजलेला मासा, पातळ कांदा, लेट्यूस कुठलं मिळणार म्हणून मुळ्याचा कोवळा पाला, वर लिंबू. झालं. मसाला नाही, वाटण नाही. आयने दुरूनच नाक मुरडलं, मग एक घास घेतला आणि उरलेला अर्धा पाव ओट्यावर उभ्याउभ्या संपवला.

खाताना त्याने सांगितलं की हे इस्तंबूलचं. बाबा गेले तेव्हा त्याचं जहाज तिथल्या बंदरात उभं होतं. फोन आला, पण सुटून येणं शक्य नव्हतं. मातीला मुलगा नव्हता, हे आमच्या गावाने पाहिलंय. तो त्या दिवशी नुसता चालत सुटला होता आणि एका मोठ्या पुलाखाली येऊन बसला. एक म्हातारा बांगडे भाजत होता. भाषा कळत नव्हती. म्हाताऱ्याने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, पाव भरून हातात दिला, आपलं स्टूल त्याच्याकडे सरकवलं आणि पुन्हा मासे उलटायला लागला. “मी रडत खात होतो,” पास्कू म्हणाला, “आणि लिंबू पिळायला विसरलो म्हणून त्याने येऊन पिळून दिलं.”

हे त्याने आम्हाला त्याआधी कधी सांगितलं नव्हतं. आय उठून आत गेली.

त्यानंतर आमच्या मागच्या अंगणात सगळं जगच आलं. “जहाजावर मी नुसती अंडी फोडली, बाय,” तो म्हणायचा, “शिकलो ते बंदरात उतरून.” पेनांगला रस्त्याकडेला मिळणारा माशाचा आंबट रस्सा त्याने बांगडा उकडून, कुस्करून केला. त्यात आमच्या चिंचेचा कोळ, जवळा कुटून, अननसाचे तुकडे, पुदिना आणि तांदळाच्या शेवया. तिथला म्हातारा शेवयांवर गरम रस्सा ओततो, पुन्हा पातेल्यात निथळतो, पुन्हा ओततो, म्हणजे शेवई आतपर्यंत तापते. पास्कूने तसंच करून दाखवलं. आय म्हणाली, “ही तर आपली चिंचेची कढी. शेवया कोणी घातल्या हिच्यात?” मेक्सिकोच्या भाकऱ्यांसाठी त्याने सुका मका खायच्या चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवला, सकाळी सालं चोळून काढली आणि पाट्यावर वाटला. ब्राझीलच्या एका बंदरात पांढरा घेरदार झगा घातलेली बाई चवळीचे वडे तळून, मधोमध चिरून, त्यात सुकी कोलंबी भरून देते. तिथलं लाल तेल इथे कुठून आणायचं? त्याने खोबरेलात मिरच्या परतून रंग आणला.

त्या दिवसांत मला एक गोष्ट कळली. जगभर रस्त्यावर रांधणारी माणसं तेच करतात जे आमच्या आयांनी केलं. स्वस्तातला मासा, परसातली चिंच, उरलेला पाव, मूठभर सुकं. चूल तेवढी वेगळ्या आकाशाखाली. माझ्यासारख्या पालघर जिल्ह्याबाहेर फारसं न गेलेल्या बाईला हे शिकून छाती भरून आली होती. कडू लिहायला बसलेय, पण तो आनंद खोटा नव्हता, हे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही.

चव माझ्या जिभेवर ठरायची. मी चमचा तोंडात घालायचे आणि तो माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. ‘चांगलं’ हा शब्द त्याने मला बंद केला होता. “चांगलं म्हणजे काय? आंबट आधी लागतं की मागाहून? जवळा घशात राहतो का? पुदिना वर येतो की बुडालाय?” मी शोधून शोधून सांगायचे. तो डोळे मिटून ऐकायचा आणि मग चिमूटभर काहीतरी घालायचा. कांदा तो रंगावर ओळखायचा, तेल आवाजावर. मधेच थांबून विचारायचा, “जळत तर नाही ना काही?” तेव्हा त्याच्या आवाजात जी भीती असायची ती ऐकवायची नाही.

नाताळच्या आधी आम्ही फाटकापाशी टेबल मांडलं, शनिवार-रविवार संध्याकाळी. बोळिंजच्या इमारतींतून माणसं चालत यायला लागली. मास्क हनुवटीवर ओढून बांगडा-पाव खायची आणि विचारायची, हे कुठलं, ते कुठलं. पास्कू भाजता भाजता सांगायचा. त्याचे दंड पुन्हा सदऱ्यात भरायला लागले होते.

नेल्सन आमच्या शेजारच्या वाडीतला. पास्कूच्या बाकावर बसून शिकलेला, जागा विकण्या-घेण्याची दलाली करणारा. बोलायला गोड, आणि खरं सांगायचं तर अडीअडचणीला धावून येणारा. बाबांच्या मातीला खांदा देणाऱ्यांत तो होता. तो रोज यायचा, खायचा, मोबाइलवर पास्कूचं बोलणं टिपून घ्यायचा. म्हणाला, बोळिंजला माझा एक गाळा रिकामा आहे, दुकान टाकू. गाळा माझा, हात तुझा.

पास्कूने त्याला पहिल्याच दिवशी वासाचं सांगितलं. मी तिथे होते. “हे तुला माहीत असायला हवं,” तो म्हणाला.

नेल्सनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “हे आपल्यातच राहील. तू परका आहेस का?”

उन्हाळ्यात दुकान उघडलं. दारावरच्या पाटीवर जहाजाचं चित्र होतं. फादर येऊन आशीर्वाद देऊन गेले. पास्कूने दोन पोरींना हाताखाली घेऊन सगळं शिकवलं, काहीही राखून न ठेवता. मी ऑनलाइन तास आटोपले की जाऊन चव बघून द्यायचे. पण शाळा पुन्हा भरायला लागल्यावर मला रोज जमेना, आणि दुकानाला रोजचं लागतं.

एका दुपारी वीज गेली आणि बराच वेळ आली नाही. फ्रिजमधलं चवळीच्या वड्यांत भरायचं कोलंबीचं सारण बिघडलं. त्या दिवशी दोन्ही पोरी उशिरा आल्या. पास्कूने एकट्याने वडे भरले. एका कुटुंबाला रात्री उलट्या झाल्या. सुदैवाने दोन दिवसांत सगळी बरी झाली. चूक होती, आणि ती पास्कूची होती. त्याने त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी त्याला चहा दिला.

त्या रविवारी मिस्सा संपल्यावर देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, आवारात लोकांनी नेल्सनला विचारलं, काय झालं रे परवा? आम्ही चार पावलांवर होतो. तो मोठ्याने म्हणाला, “काय करणार? आचाऱ्याला वासच येत नाही. बालमित्र म्हणून दयेने ठेवला होता. आता नाही ठेवता येत.”

कोणीतरी ‘अरेरे’ म्हणालं. पास्कूने आयचा हात धरला आणि आम्ही घरी आलो. वाटेत तो एकच वाक्य बोलला. “खोटं तर नाही बोलला तो.”

त्यानंतर त्याला कामाला कोण ठेवणार? लग्नाच्या जेवणावळी करणाऱ्यांनीही नाही. जहाजं पुन्हा सुरू झाली, पण तिथे जाण्याआधी तपासणी असते. त्याने कागदच भरले नाहीत.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी म्हटलं असतं, धंदा आहे, धंद्यात असंच होतं. पण पुढच्या थंडीत नेल्सनचा व्हिडिओ गावभर फिरला. शाळेतल्या एका शिक्षिकेने कौतुकाने मला पाठवला. मी तो घरी जेवणानंतर उघडला. आय आणि पास्कू शेजारीच होते.

नेल्सन निखाऱ्यासमोर उभा राहून बांगडा भाजत होता आणि सांगत होता. “माझे वडील गेल्याची बातमी मला परदेशातल्या बंदरात मिळाली. घरी येणं शक्य नव्हतं. मी चालत चालत एका पुलाखाली गेलो. एक म्हातारा मासे भाजत होता. त्याने मला स्टूल दिलं…” लिंबापाशी येऊन तो थांबला, घसा खाकरला, आणि त्याचे डोळे खरोखर भरून आले.

नेल्सन कधी जहाजावर चढला नाही. त्याचे वडील आजही दर रविवारी देवळात पुढच्या बाकावर बसतात.

आयने माझ्या हातातून मोबाइल घेऊन पालथा ठेवला. “माझा नवरा त्याचा बाप कधीपासून झाला?” ती म्हणाली. मी पास्कूकडे पाहिलं. तो पालथ्या मोबाइलकडे बघत होता.

मी दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. गर्दीची वेळ नव्हती. नेल्सनने खुर्ची दिली, पाणी मागवलं. मी बसले नाही.

“तुझे वडील जिवंत आहेत, नेल्सन.”

त्याने खाली पाहिलं. लाजला असावा, क्षणभर. मग म्हणाला, “बाय, तो व्हिडिओ बनवणाऱ्यांनी लिहून दिलं. दुकान चालायला गोष्ट लागते.”

“गोष्ट आहेच की. ज्याची आहे त्याचं नाव घेऊन सांग. पुलाखाली पास्कू बसला होता, एवढंच एकदा सांग लोकांना.”

“आणि तो आता कुठे आहे म्हणून विचारलं तर? वास येत नाही म्हणून काढला असं सांगू?” त्याचा आवाज चढला नाही, ते जास्त लागलं. “रागावू नको. पण फाटकातल्या टेबलावर किती जणांनी खाल्लं असतं? मी केलं म्हणून ते पोचलं. लोकांना पदार्थ हवा असतो, कोणाचा बाप मेला होता ते कोण बघतं?”

“आम्ही बघतो,” मी म्हणाले आणि निघाले. बाहेर एक जोडपं पाव खात उभं होतं. ती मुलगी आपल्या नवऱ्याला सांगत होती, “बिचाऱ्याचे वडील…”

गावाला सगळं माहीत आहे. मातीला कोणाचा मुलगा नव्हता, हे खांदा देणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण नेल्सन देवळाला देणगी देतो, सणाला मंडप देतो, त्याच्या दुकानात गावातल्या पोरी कामाला आहेत. माझ्या चुलतभावाने नातवाच्या बाप्तिस्म्याला जेवण त्याच्याकडूनच मागवलं. आम्हाला बोलावलं होतं. आम्ही गेलोही. त्यांनी आमच्यासमोर चवळीचे वडे ठेवले आणि पास्कूला विचारलं, “घे ना, तुझ्या आवडीचे.” वाईट माणसं नाहीत ती. म्हणूनच कोणावर ओरडावं ते कळत नाही.

त्या घरून परतताना मी पास्कूला म्हटलं, “तू स्वतः का नाही बोलत? चार माणसांत एकदा सांग.”

चालता चालता तो म्हणाला, “बाय, तो माझ्यापेक्षा चांगलं सांगतो. मी तो व्हिडिओ पुष्कळदा पाहिला. मला आता त्या जागेचा वास आठवत नाही. कोळसा, मासा, पाण्यावरचं डिझेल, असं मी शब्दांत म्हणू शकतो, पण येत काही नाही. त्याचं ऐकतो तेव्हा वाटतं, गेला असेल तोच.”

वर्गात चाळीस पोरांना भाषा शिकवणारी बाई, मी नुसती त्याच्या मागून चालत घरी आले.

डॉक्टर म्हणाले होते तसा वास परत आला, पण वाकडा. कांदा परतला की त्याला टायर जळल्यासारखं येतं. कॉफी गटारासारखी. भाजलेल्या माशाने तर त्याला उमासे येतात. होतं असं काहींना, म्हणतात. हळूहळू सुधारतं. त्याचं अजून सुधारलेलं नाही. तो थंड भात, केळं, दही, काकडी खातो. स्वयंपाकघरात येत नाही. बाबांची वाडी बघतो. केळीचे घड त्याच्या हाताखाली चांगले धरतात, अळू तर बघत राहावं असं होतं. बाजारातली माणसं त्याला मान देतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, मार्गी लागला.

मलाही चवीचं एक शिक्षण झालं ते झालंच. कुठेही काही खाल्लं की जीभ आपोआप मोजायला लागते, आंबट आधी की मागाहून. सांगायला समोर कोणी नसतं. नेल्सनच्या दुकानातलं मी एकदाच चाखलं, तपासायला म्हणून. वाईट असावं अशी फार इच्छा होती. वाईट नव्हतं. पास्कूने पोरींना शिकवलेलं सगळं जागच्या जागी होतं, लिंबू किती पिळायचं तेसुद्धा.

गेल्या रविवारी दुपारी मी अंगणात वाल सोलत होते. पास्कू अळूच्या पानांच्या जुड्या बांधत होता. फाटकाशी गाडी थांबली आणि एक बाई उतरल्या, बरोबर काठी टेकणारे म्हातारे गृहस्थ. बाई म्हणाल्या, आम्ही पूर्वी बोळिंजला राहायचो, आता चंदनसारला घर घेतलंय. त्या साथीच्या थंडीत इथे फाटकापाशी एक जण बांगडा-पाव द्यायचे, इस्तंबूलचा. आमचे बाबा तेव्हा काही खात नव्हते, आई गेली होती. इथलं तेवढं खायचे. आज सकाळपासून तेच मागतायत.

पास्कू उठून फाटकापर्यंत गेला. म्हाताऱ्यांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि काठी डाव्या हातात घेऊन उजवा हात पुढे केला. “तुम्हीच ना ते? तुमचे वडील वारले तेव्हा तुम्ही पुलाखाली…”

मी हातातला वाल खाली ठेवला. मला वाटलं, आता. आता तरी.

पास्कूने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. हळू आवाजात, नीट समजावून म्हणाला, “नाही हो, मी नव्हतो तो. तुम्हाला हवा तो माणूस बोळिंजला असतो. सरळ जा, मैदानापाशी डावीकडे वळा. पाटीवर जहाज आहे.”

त्याने त्यांना गाडीत बसायला हात दिला, दार लावलं आणि गाडी वळेपर्यंत रस्त्यात उभा राहिला.